हमीभाव बदलला, कॉमेंट राहिली

शेल स्क्रिप्टच्या पहिल्या पंधरावीस ओळींत साधारणपणे ग्लोबल व्हेरिएबल्स मांडलेली असतात. फाइली कुठे ठेवायच्या, कोणत्या हंगामाचा हिशेब करायचा, दर काय, मर्यादा किती, हे सगळे तिथे एकदाच लिहायचे आणि खालच्या सगळ्या ओळींनी ते नावाने वापरायचे, अशी ही सोय. बदल करायचा झाला तर एकाच जागी करावा लागतो. त्या मूल्यांविषयी लिहिलेल्या कॉमेंट्स मात्र एका जागी नसतात. एखादी व्हेरिएबलच्या शेजारी असते, एखादी फंक्शनच्या डोक्यावर, एखादी फाइलच्या माथ्यावरच्या परिचयात, तर एखादी शेजारच्या दुसऱ्याच स्क्रिप्टमध्ये. मूल्य बदलले की या सगळ्या जागा पाहाव्या लागतात आणि शेल त्यांपैकी एकही पाहत नाही. # या चिन्हापासून ओळ संपेपर्यंतचा मजकूर तो सोडून देतो.

वाशीम जिल्ह्यातले खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतला माल हमीभावाच्या खरेदीला येतो तेव्हा वजन, ओलावा आणि दर यांची नोंद होते. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने अशा नोंदींच्या फाइली रोज रात्री एकत्र करून शेतकरीनिहाय रक्कम काढणारी छोटी स्क्रिप्ट ठेवली आहे, असे धरू. तिच्यात ही ओळ सापडते:

हमीभाव=4892   # 2023-24 चा हमीभाव, 4600 रुपये क्विंटल

(बॅशसारख्या शेलमध्ये व्हेरिएबलचे नाव रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांतूनच बनते, पॉसिक्स मानकाचाही तोच नियम आहे. देवनागरी नाव दिले तर शेल सबंध ओळीलाच आज्ञा समजतो आणि ‘अशी आज्ञा सापडली नाही’ म्हणून तक्रार करतो. मूल्ये आणि कॉमेंट्स मात्र देवनागरीत चालतात. वाचायला सोपे जावे म्हणून या प्रकरणात नावेही देवनागरीत छापली आहेत.)

ओळीत काय घडले ते सोयाबीनचे भाव ठाऊक असलेल्या कोणालाही कळेल. 2023-24 साठी केंद्र सरकारने जाहीर केलेला हमीभाव 4600 रुपये होता. 19 जून 2024 रोजी पुढच्या हंगामासाठी 4892 रुपये जाहीर झाले. कोणीतरी चिन्हाच्या डावीकडचा आकडा बदलला आणि उजवीकडचा मजकूर तसाच ठेवला. स्क्रिप्ट बरोबर चालते, रकमा बरोबर निघतात, म्हणून महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. घोटाळा होतो तो लेखापरीक्षणाच्या वेळी किंवा काम दुसऱ्या माणसाकडे गेल्यावर. नव्या माणसापुढे दोन आकडे आणि एक हंगाम असतो. 4892 ही चूक आहे की सुधारणा, हे ओळ सांगत नाही. हंगामाचे नाव जुन्या आकड्याशी जुळते, म्हणून तो मूल्यच ‘दुरुस्त’ करून 4600 वर आणतो. क्विंटलमागे 292 रुपये म्हणजे 50 क्विंटलला 14,600 रुपये कमी. जुनी कॉमेंट निरुपद्रवी असते असे मानणारे या टप्प्याचा विचार करत नाहीत. शेलने न वाचलेला मजकूर माणूस वाचतो, आणि पुढचे मूल्य माणूसच लिहितो.

प्रश्न जुना आहे. ब्रायन कर्निगन आणि पी. जे. प्लॉगर यांनी 1974 मध्ये प्रोग्रॅमिंगच्या शैलीवर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात कॉमेंट आणि प्रोग्रॅम यांचा मेळ असावा, असा स्वतंत्र नियमच घातला होता. कॉमेंटने ओळीचा नुसता प्रतिध्वनी करू नये, हेही त्यांनी सांगितले होते. 2007 मध्ये लिन टॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्स, मोझिला, वाइन आणि अपाची या चार मोठ्या प्रकल्पांतल्या कॉमेंट्समधून यंत्राने नियम वेचून ते प्रत्यक्ष प्रोग्रॅमशी ताडून पाहिले. 60 विसंगती सापडल्या. त्यांपैकी 33 ठिकाणी कॉमेंट खरी आणि प्रोग्रॅम चुकलेला निघाला. 27 ठिकाणी प्रोग्रॅम बरोबर आणि कॉमेंट चुकीची. हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. विसंगती दिसली की सरसकट कॉमेंट बदलून टाकणारा आणि सरसकट मूल्य बदलणारा, दोघेही जवळपास निम्म्या वेळा चुकतील. तो अभ्यास सी आणि सी++ भाषांतल्या प्रचंड प्रकल्पांचा होता. शेल स्क्रिप्टमध्ये कंपायलर नसतो, मूल्यांना प्रकार नसतात, आणि चाचण्या क्वचितच लिहिल्या जातात. तेव्हा तिथे मेळ राखण्याचे काम अधिकच माणसावर पडते.

यावरचा पहिला आणि सर्वांत गुणकारी उपाय अगदी साधा आहे: मूल्य कॉमेंटमध्ये लिहायचेच नाही. 4892 हा आकडा शेजारीच आहे. तो पुन्हा लिहून वाचणाऱ्याला नवे काही मिळत नाही, जुळवायची एक जागा मात्र वाढते. आकड्याला स्वतःविषयी जे सांगता येत नाही ते कॉमेंटने सांगावे: एकक कोणते, आकडा कोणाचा, किती काळापुरता, आणि तो बदलायची वेळ कोणती. हमीभावाच्या ओळीवर ‘रुपये प्रति क्विंटल, केंद्राच्या खरीप हमीभावाच्या घोषणेतून, दर हंगामाआधी तपासावा’ एवढे असेल तर 28 मे 2025 रोजी 5328 रुपयांचा भाव जाहीर झाल्यावरही त्यातला एक शब्द बदलावा लागत नाही. हंगामाचे वर्ष कॉमेंटमध्ये हवेच असे वाटले तर ते कॉमेंटमधून काढून स्वतंत्र व्हेरिएबल करावे. मग ते अहवालावर छापता येते, फाइलीच्या नावात घालता येते, आणि चुकले तर डोळ्यांना दिसते.

याला अपवाद आहे, आणि तोही सोयाबीननेच दाखवला. हमीभावाच्या खरेदीत दाण्यातला ओलावा 12 टक्क्यांपर्यंत चालतो. 2024 च्या हंगामात माल ओला येत होता. 15 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्राने त्या एका हंगामापुरती ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत शिथिल केली. स्क्रिप्टमध्ये ओलावा_मर्यादा या व्हेरिएबलचे मूल्य 12 वरून 15 करणे हे क्षणाचे काम. पण इथे कॉमेंटमध्ये 12 हा आकडा लिहिणे आवश्यक आहे, कारण तो आता फाइलीत दुसरीकडे कुठेच उरलेला नाही. ‘नेहमीची मर्यादा 12, 2024-25 पुरती सवलत, हंगाम संपल्यावर पूर्ववत करावी’ अशी कॉमेंट चालू मूल्याची नक्कल करत नाही. ती नेहमीची मर्यादा सांगते आणि सवलतीची मुदतही. त्याहून चांगली रीत म्हणजे दोन व्हेरिएबल्स: नेहमीची मर्यादा एकात, सवलत दुसऱ्यात, आणि हंगामाचे वर्ष जुळले तरच सवलत लागू. तसे केले की कॉमेंटला आठवण करून देण्याचे काम उरत नाही. कोणत्याही कॉमेंटमध्ये ‘तात्पुरते’ हा शब्द दिसला, की त्याची अट स्क्रिप्टमध्येच लिहिता येईल का, हे पाहावे. बहुतेक वेळा येते.

उगम सांगण्याचे महत्त्व पावसाच्या आकड्यात दिसते. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत 24 तासांतल्या जोरदार पावसाची पायरी 64.5 मिलिमीटरपासून सुरू होते आणि 115.5 ला संपते. नुकसानीच्या पंचनाम्यासाठी महसूल यंत्रणा ज्याला अतिवृष्टी म्हणते तो निकष मात्र महसूल मंडळातल्या 65 मिलिमीटरचा. स्क्रिप्टमध्ये 65 लिहिलेले आणि कॉमेंट ‘हवामान विभागाच्या निकषानुसार’ असेल, तर अर्ध्या मिलिमीटरची ही चूक वरवर क्षुल्लक दिसते. पण पुढे कोणीतरी हवामान विभागाचे पत्रक पाहून आकडा ‘अचूक’ करायला जातो. आणि तिथे आणखी एक खोच निघते: बॅशच्या अंकगणितात दशांश नाहीत. 64.5 लिहिले की शेल चूक दाखवतो. म्हणून जाणती माणसे मिलिमीटरच्या दहाव्या भागात हिशेब ठेवतात आणि 645 लिहितात. अशा ठिकाणी एककाची कॉमेंट नसेल तर 645 हा आकडा वेडगळ वाटतो, आणि 65 व 645 एकाच फाइलीत शेजारी आले तर धोकादायक ठरतो. एकक नावातच घालणे, म्हणजे पाऊस_दशमिमी असे काहीतरी, हे कॉमेंटपेक्षाही टिकाऊ. कारण नाव प्रत्येक वापराच्या ठिकाणी सोबत जाते, कॉमेंट मागे राहते.

संकेतांकांच्या बाबतीत अडचण वेगळीच. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. (त्याआधी 1905 पर्यंत वऱ्हाडात वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होताच, इंग्रजी कागदांत तो बासिम म्हणून सापडतो.) 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांना 01 पासून क्रमांक होते आणि वाशीमचा 06 होता. 2011 मध्ये देशभर सलग क्रमांक दिले गेले आणि वाशीमचा 502 झाला. त्यामुळे जिल्हा_संकेत या व्हेरिएबलवर ‘जनगणनेतला संकेतांक’ एवढीच कॉमेंट अपुरी आहे. कोणत्या जनगणनेतला, ते नसेल तर 06 आणि 502 दोन्ही खरे आणि दोन्ही संशयास्पद. 1998 पूर्वीच्या नोंदी अकोल्याखाली शोधाव्या लागतात, ही गोष्टही कॉमेंटमध्ये राहण्याच्या योग्यतेची आहे. ती कोणत्याच मूल्यातून कळत नाही आणि कधी बदलणारही नाही.

06 मध्ये आणखी एक सापळा आहे. शेलच्या अंकगणितात शून्याने सुरू होणारी संख्या आठच्या पायातली मानली जाते. 06 दोन्ही पद्धतींत सहाच, म्हणून वाशीमला लिहिलेली स्क्रिप्ट निमूट चालते. अमरावतीचा 07 सुद्धा चालतो. वर्ध्याच्या 08 वर आणि नागपूरच्या 09 वर ती कोसळते, कारण आठच्या पायात आठ आणि नऊ हे अंकच नाहीत. वाशीमचा दूरध्वनी संकेतांक 07252 चुकून अंकगणितात गेला तर कोसळतही नाही. गुपचूप 3754 होतो. याचा इलाज संख्येआधी 10# लिहिणे, म्हणजे ‘ही दहाच्या पायातली संख्या’ असे शेलला सांगणे. इथले # कॉमेंटचे नव्हे. ‘हा संकेतांक म्हणजे अक्षरमाला, संख्या नव्हे, आघाडीचे शून्य काढू नये’ ही कॉमेंट अशा व्हेरिएबलवर असली की ती कधी जुनी होत नाही.

# या चिन्हाच्या जागेलाही महत्त्व आहे. शेल त्याला कॉमेंटची सुरुवात तेव्हाच मानतो, जेव्हा ते नव्या शब्दाच्या आरंभी येते. मध्ये जागा न सोडता 502#वाशीम लिहिले तर व्हेरिएबलचे मूल्य ‘502#वाशीम’ असे होते. शिवाय ही मूल्ये वेगळ्या कॉन्फिगरेशन फाइलीत काढून ती फाइल पुढे सिस्टमडीला वाचायला दिली, किंवा ओळ क्रॉनटॅबमध्ये नेली, तर मूल्याच्या मागे त्याच ओळीत लिहिलेली कॉमेंट तिथे कॉमेंट राहतच नाही. दोन्ही ठिकाणी कॉमेंटची ओळ वेगळी लागते. म्हणून कॉन्फिगरेशनमधली कॉमेंट नेहमी मूल्याच्या वरच्या ओळीवर लिहावी. ती शेजारी असली तर बदलताना दिसते, हा युक्तिवाद खरा वाटला तरी वर पाहिलेल्या हमीभावाच्या ओळीने त्याचा फोलपणा दाखवलाच आहे.

मराठीत कॉमेंट लिहिणाऱ्यांसमोर काही खास प्रश्न येतात, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत त्यांची उत्तरे नसतात. पहिला अंकांचा. कळफलक मराठीवर असताना लिहिलेला आकडा अनेकदा देवनागरीत उमटतो. मूल्यात ५०२ लिहिले तर शेलची आकडेमोड लगेच अडते, म्हणून ती चूक पकडली जाते. कॉमेंटमध्ये ५०२ लिहिले तर काहीच होत नाही, आणि पुढे ग्रेपने 502 शोधणाऱ्याला ती कॉमेंट सापडतही नाही. तीच गत स्वल्पविरामांची. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 11,97,160 होती. मूल्यात ती 1197160 अशी सलग लिहावी लागते, कॉमेंटमध्ये मात्र हात आपोआप लाख-हजारांचे स्वल्पविराम देतो. एकच संख्या तीन वेशांत वावरली की शोधून बदलण्याची सगळी साधने निरुपयोगी ठरतात. कॉमेंटमध्ये आकडा लिहावाच लागला तर तो व्हेरिएबलमध्ये असेल अगदी त्याच रूपात लिहावा, दिसायला रूक्ष वाटला तरी.

दुसरा प्रश्न विभक्तीचा. मराठी प्रत्यय शब्दाला चिकटतो, आणि रोमन लिपीतल्या व्हेरिएबलच्या नावालाही ‘चा’, ‘ला’, ‘मध्ये’ सहज चिकटवले जाते. ग्रेपला अख्खा शब्द शोधायला सांगितले, आणि संगणकाची भाषा-सेटिंग युनिकोडची असली, तर प्रत्यय लागलेले नाव त्याला वेगळाच शब्द वाटतो आणि ती कॉमेंट यादीत येत नाही. हीच तपासणी क्रॉनमधून रात्री चालवली आणि तिथे भाषेची सेटिंग नसेल, तर देवनागरी अक्षरे त्याला अक्षरेच वाटत नाहीत आणि तीच कॉमेंट यादीत येते. दिवसा एक निकाल, रात्री दुसरा. उपाय सोपा: कॉमेंटमध्ये व्हेरिएबलचे नाव आले की त्यानंतर जागा सोडून प्रत्यय लिहायचा. व्याकरणाला ते रुचत नाही. शोधाला रुचते, आणि इथे शोधाचे ऐकलेले बरे. नावाचे भाषांतरही करू नये. फाइलीत एक नाव आणि कॉमेंटमध्ये त्याचा ‘किमान आधारभूत किंमत’ असा शासकीय अवतार असेल तर दोन्ही एकच आहेत हे यंत्राला तर नाहीच, पण नव्या माणसालाही लगेच कळत नाही.

कॉमेंट मेलेली आणि मूल्य जिवंत, असा भेद शेलमध्ये सुरुवातीपासून नव्हता. युनिक्सच्या आरंभीच्या शेलमध्ये # ची कॉमेंट नव्हती. टिपण लिहायला : ही काहीच न करणारी आज्ञा वापरत. स्टीफन बॉर्न यांच्या 1979 च्या शेलमध्येही ती प्रथा होती. # ची कॉमेंट बिल जॉय यांच्या सी शेलमध्ये होती आणि पुढे इतर शेलांत रुळली. : ही आज्ञा स्वतः काही करत नसली तरी तिच्या पुढचा मजकूर शेल नेहमीसारखा उलगडतो, त्यातल्या व्हेरिएबल्सच्या जागी मूल्ये घालतो. टिपण म्हणून ही मोठी गैरसोय होती, पण याच गुणामुळे ती आज टिकून आहे. ‘हमीभाव आधी कुठे ठरला नसेल तर 5328 धर’ असे सांगणारी ओळ आज जाणकार : नेच सुरू करतात. जुन्या काळी जिथे कॉमेंट लिहीत तिथे आता ग्लोबल व्हेरिएबलचे पूर्वनिश्चित मूल्य ठरते.

अशा पूर्वनिश्चित मूल्यांमुळे कॉमेंटचे काम आणखी नाजूक होते. स्क्रिप्टमध्ये 5328 लिहिले असले तरी स्क्रिप्ट सुरू करणाऱ्याने बाहेरून दुसरे मूल्य दिले असेल, किंवा नंतर वाचलेल्या कॉन्फिगरेशन फाइलने ते बदलले असेल. तेव्हा ‘हमीभाव 5328 आहे’ ही कॉमेंट स्क्रिप्टच्या मजकुरापुरती खरी आणि प्रत्यक्ष हिशेबापुरती खोटी असू शकते. कॉमेंटने फार तर ‘बाहेरून न मिळाल्यास’ एवढी अट नोंदवावी, आणि मूल्ये कोणत्या क्रमाने ठरतात हे फाइलच्या माथ्यावर एकदाच लिहावे. प्रत्यक्ष मूल्य कोणते होते, हे सांगण्याची जागा कॉमेंट नव्हेच. स्क्रिप्टने सुरू होताच सगळी ग्लोबल मूल्ये लॉगमध्ये छापावीत. लेखापरीक्षणाला तोच कागद उपयोगी पडतो. मूल्ये ठरल्यावर ती रीडओन्ली करून टाकली तर ‘हे मूल्य पुढे बदलत नाही’ ही कॉमेंट लिहायची गरज उरत नाही. कोणी बदलू पाहिले तर शेलच अडवतो.

फंक्शनच्या बाबतीत शेलचा स्वभाव इतर बहुतेक भाषांच्या उलट आहे. फंक्शनच्या आत नेमलेले व्हेरिएबल मुद्दाम लोकल म्हटल्याखेरीज ग्लोबलच असते. त्यामुळे कोणते फंक्शन कोणत्या ग्लोबल मूल्याला हात लावते, हे बाहेरून दिसत नाही. गूगलच्या शेल लेखनशैलीच्या मार्गदर्शिकेत म्हणूनच प्रत्येक फंक्शनवरच्या कॉमेंटमध्ये ‘ग्लोबल’ असा स्वतंत्र रकाना सांगितला आहे: कोणती ग्लोबल व्हेरिएबल्स वाचली जातात, कोणती बदलली जातात. ही प्रथा चांगली आहे, कारण त्या रकान्यात फक्त नावे असतात, मूल्ये नसतात. आणि नावे यंत्राने तपासता येतात. रकान्यातले नाव कॉन्फिगरेशन फाइलीत आहे का, आणि फंक्शनच्या अंगात खरोखर वापरले आहे का, हे पाहणारी तपासणी दहाबारा ओळींत लिहून होते.

तरीही नावे जुळली म्हणजे कॉमेंट खरी ठरली असे नाही. ‘हे फंक्शन एकूण_वजन वाढवते’ अशी कॉमेंट घेऊ. फंक्शन खरोखर वाढवते. पण एखाद्याने खरेदीच्या नोंदी पाइपमधून त्याला दिल्या, की बॅश पाइपचा तो भाग वेगळ्या उपशेलमध्ये चालवतो. बेरीज तिथे होते आणि तिथेच संपते. बाहेर एकूण_वजन शून्यच राहते. कॉर्न शेल पाइपचा शेवटचा भाग मूळ शेलमध्येच चालवतो, म्हणून तिथे तीच कॉमेंट खरी ठरते. ग्लोबल मूल्य बदलणाऱ्या फंक्शनवर ‘पाइपमधून चालवू नये’ ही सूचना म्हणूनच त्या रकान्याइतकीच मोलाची आहे.

मूल्ये दाखवणारा मजकूर हवाच असेल, आणि वापरणाऱ्याला तो लागतोच, तर तो कॉमेंटमधून उचलून मदतीच्या संदेशात न्यावा. हिअर-डॉक्युमेंट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रचनेत बहुओळी मजकूर लिहून त्यात व्हेरिएबलचे नाव घातले, की छापताना तिथे चालू मूल्य येते: ‘ओलाव्याची मर्यादा 12 टक्के, दर 5328 रुपये’. हा मजकूर जुना होऊ शकत नाही. पथ्य एकच. मजकुराची सीमा सांगणारा शब्द अवतरणचिन्हांत लिहिला तर शेल आतले काहीच उलगडत नाही आणि मूल्याऐवजी नावच छापले जाते.

काही कॉमेंट्स मात्र शेलला कॉमेंट असल्या तरी दुसऱ्या कोणासाठी हुकूम असतात. फाइलची पहिली ओळ, जिच्यात # नंतर उद्गारचिन्ह आणि शेलचा पत्ता असतो, ती 1980 च्या सुमारास डेनिस रिची यांनी युनिक्समध्ये आणली. शेल ती सोडून देतो, पण कर्नल तीच वाचून कोणता शेल सुरू करायचा ते ठरवतो. शेलचेक हे तपासणीचे साधनही काही कॉमेंट्स आज्ञेसारख्या पाळते. स्क्रिप्ट जी कॉन्फिगरेशन फाइल सोर्स करते तिचा पत्ता व्हेरिएबलमध्ये असेल, तर शेलचेकला ती शोधता येत नाही. म्हणून सोर्सच्या ओळीवर त्याच्यासाठी खास कॉमेंट लिहून फाइलचा पत्ता सांगतात. कॉन्फिगरेशनची फाइल हलवली आणि ही कॉमेंट तशीच राहिली, तर स्क्रिप्ट नीट चालते, पण शेलचेक जुन्या जागी शोधत राहतो. कॉमेंट आणि ग्लोबल मूल्य यांचा मेळ बिघडल्याचे यंत्राने स्वतः सांगावे, असे हे एक दुर्मीळ ठिकाण. बाकीच्या कॉमेंट्सकडे शेलचेक पाहत नाही. ग्लोबल व्हेरिएबल न नेमताच वापरले किंवा नेमून वापरलेच नाही, तर ते तो दाखवतो, आणि दुसऱ्या प्रकारच्या इशाऱ्यानंतर व्हेरिएबल काढून टाकले जाते तेव्हा त्याच्यावरची कॉमेंट बहुधा अनाथ होऊन मागे उरते.

कॉमेंटमध्ये बंद करून ठेवलेली मूल्ये हा आणखी एक प्रकार. ओपनएसएसएचच्या सर्व्हरची कॉन्फिगरेशन फाइल पाहिली तर बहुतेक ओळी # ने सुरू होतात. त्या ओळी पूर्वनिश्चित मूल्ये दाखवतात, ही तिथली घोषित प्रथा आहे. ऑगस्ट 2015 मध्ये आलेल्या 7.0 आवृत्तीत रूट वापरकर्त्याला पासवर्डने प्रवेश देणे पूर्वनिश्चित मूल्यातून काढले गेले, तेव्हा फाइलीतली ती बंद ओळही बदलणे भाग होते. मात्र ज्या यंत्रावर जुनी फाइल तशीच राहते, तिथे बंद ओळ जुनेच मूल्य सांगत राहते. स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये ही प्रथा आणू नये. मागच्या हंगामाचा भाव # मागे दडवून ठेवणे हे तर त्याहून वाईट. जुनी मूल्ये गिटच्या इतिहासात तारखेसह असतात, आणि ओळ कोणी, कधी बदलली हे तिथे एका आज्ञेत कळते.

गिटचा दुसरा उपयोग तपासणीची वेळ साधण्याचा. बदल नोंदवण्याच्या क्षणी चालणारी प्री-कमिट स्क्रिप्ट ठेवता येते. तिने कॉन्फिगरेशन फाइलीतले प्रत्येक मूल्य घेऊन बाकीच्या फाइलींतल्या कॉमेंट्समध्ये तो आकडा शोधावा, आणि सापडला तर नोंद अडवावी. त्याआधी देवनागरी अंकांचे रूपांतर करून स्वल्पविराम काढावेत. 12 किंवा 15 सारख्या लहान आकड्यांवर ही तपासणी खोटे इशारे फार देते, म्हणून तीन अंकांपेक्षा लहान मूल्ये वगळलेली बरी. दुसरी तपासणी उलटी: कॉमेंट्समध्ये आलेली रोमन मोठ्या अक्षरांतली, अधोरेषा असलेली नावे वेचायची आणि त्यांपैकी कॉन्फिगरेशनमध्ये कोणती नाहीत ते दाखवायचे. नाव बदलले पण कॉमेंटमध्ये जुनेच राहिले, व्हेरिएबल काढले पण उल्लेख उरला, हे सगळे त्यात येते. एककाची किंवा उगमाची चूक यांपैकी कोणतीच तपासणी पकडत नाही. ती पकडायला दर हंगामाआधी, हमीभावाची घोषणा झाल्यावर, मूल्य बदलणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाने कॉन्फिगरेशन फाइल वरपासून खालपर्यंत वाचावी लागते. चाळीसपन्नास ओळींच्या फाइलीला त्यासाठी अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही.